विंगेतून दिलेला पहिला शब्द

५ मार्च

धाकटा आज पुन्हा अडकला! दुसरा अंक, वकिलाची उलटतपासणी, तीच जागा. मी विंगेतून नेहमीसारखा वाक्याचा पहिला शब्द दिला. प्रॉम्प्टरने तेवढाच द्यायचा. पूर्वी एवढ्यावर माझ्या भावाची गाडी सुटायची. आज शब्द घेतला आणि माझ्याकडेच बघत राहिला.

दिग्दर्शक म्हणाले, "बाई, शुभारंभापर्यंत बघू. नाहीतर वकील बदलू." हसत म्हणाले. पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

६ मार्च

सरळ विचारलं, "गांजा किती ओढतोस?" आधी ताकास तूर लागू देईना. मग — "रोजच, ताई. कॉलेजपासून. त्याशिवाय भूमिकेत शिरता येत नाही."

"तू शिरतोस रे, वाक्यं बाहेर राहतात!"

हसला. मग स्वतःच म्हणाला, "डॉक्टरांकडे येशील माझ्याबरोबर?"

९ मार्च

दोघं डॉक्टरांकडे गेलो. शांत बाई. म्हणाल्या, जुनं पाठ असलेलं बरंचसं टिकतं. नवीन ऐकलेलं डोक्यात राहत नाही, लक्ष निसटतं. मोठ्या माणसाने सोडलं तर काही आठवड्यांत पुष्कळ सुधारतं. "कोवळ्या वयात मात्र मेंदूची बांधणीच चालू असते. तिथे जितकं लवकर थांबवाल तितकं बरं." सोडल्यावर सुरुवातीला झोप उडेल, चिडचिड होईल, हेही सांगितलं.

घरी येऊन माझ्या पोरीला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. निदान मला तसं वाटलं.

१४ मार्च

गांजा सोडून पाचवा दिवस. धाकट्याने चहाचा कप आपटला. नंतर फरशी स्वतःच पुसली.

२३ मार्च

पोरगी रोज मामाकडून वाक्यं घोकून घेते. नाटकात वकिलाच्या मुलीचं काम तिचंच. "मामा, आता शेवटापासून उलटं म्हण!" दोघांचा नुसता दंगा. मध्येच तिची नजर कुठेतरी हरवते. दूधही दोनदा उतू घालवलं. सोळावं वर्ष, दुसरं काय!

२ एप्रिल

दुसरा अंक सलग झाला. धाकट्याने विंगेकडे पाहिलंही नाही! बाहेर येऊन म्हणतो, "ताई, तुझी नोकरी धोक्यात आहे हं."

अशी नोकरी जात असेल तर पेढे वाटीन.

१५ एप्रिल

शुभारंभ. धाकटा काय बोलला! दिग्दर्शकांनी त्याला मिठीच मारली.

अडकली ती पोरगी. तिसऱ्या अंकात, परवाच बदललेल्या वाक्यावर. मी पहिला शब्द दिला. तिने घेतला आणि माझ्याकडेच बघत राहिली. ती नजर मी ओळखते.

धाकट्याने सावरलं. "बाळ, तुला हेच विचारायचंय ना..." करत तिचं नवं वाक्य स्वतःच म्हणून टाकलं. प्रेक्षकांना पत्ताही लागला नाही.

मला लागला.

१६ एप्रिल

काय आणि कसं विचारावं, सकाळपासून जुळवत होते. पोरगीच स्वयंपाकघराच्या दारात आली.

"आई, मामाच्या डॉक्टरांकडे माझाही नंबर लाव. मामा खाली थांबलाय. त्याला काल विंगेतच सांगितलं मी."

गॅस बंद केला. चपला घातल्या.