एकच्या सुरुंगाआधीची हाक

५ जाने. २००४, सोम.
पुण्याचा मेकॅनिक आला, आपल्या साखर कारखान्याच्या सगळ्या वायरलेस सेटांना 'टोन' लावून गेला. आपला नि दगडखाणीचा चॅनल एकच, म्हणून आजवर त्यांची बडबड दिवसभर कानात. आता आपला टोन असलेलाच आवाज सेटमधून बाहेर येतो. साहेब खूश, म्हणे कारखान्याचं काम आता शांतपणे होईल.
मला मात्र चुकल्यासारखं झालं. धाकटा भाऊ विजू खाणीच्या रस्त्यावर लाल झेंडा धरतो. एकच्या सुरुंगाआधी 'झेंडा लावला' असा त्याचा आवाज आला की मी डबा उघडायचे.
मेकॅनिक जाताना म्हणाला, "ताई, ते अजून बोलतातच, फक्त तुम्हाला ऐकू येत नाही. आधी हे मॉनिटरचं बटण दाबून ऐका, मग बोला."

९ जाने.
उसाच्या गाड्यांची रांग आळे गावाच्या पुढं. दोन दिवस बटण दाबलं. आता कुठला वेळ!

१६ जाने., शुक्र.
विजू दुपारीच घरी. रस्त्यावर ऊसतोडणीवाल्यांची बैलगाडी असताना खाणीत एकचा सुरुंग उडवला. दगड बैलाच्या पुढ्यात पडला. गाडीत दोन लेकरं.
विजू म्हणतो, "थांबा थांबा म्हणून तीनदा वरडलो." सुरुंगवाले नानाभाऊ म्हणतात, सेट गप्प व्हता. त्यांची रीतच तशी. भोंगा झाल्यावर झेंडेवाला बोलला नाही, तर रस्ता मोकळा समजायचा.
खाणीचा मालक म्हणाला, झोपला व्हतास. सोमवारपर्यंत घरी बस, मग बघू.
आई : "खरं सांग, डुलकी लागली व्हती का?" तो जेवला नाही.

१७, शनि.
लॉगबुक काढलं. काल १.०२, पिंपरी पेंढारची ट्रॅक्टरं, माझं बोलणं दीड मिनिट. अक्षर माझंच. बटण दाबलं नव्हतं.
मेकॅनिकला फोन केला. "तुमचा एरियलचा खांब उंच. दोघं एकदम बोलले की तुमचाच आवाज वरचढ. आणि त्यांच्या सेटांना आधीपासून वेगळा टोन, म्हणून तुमच्या आवाजानं त्यांचा सेट उघडतच नाही. खरखरसुद्धा नाही."
साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मार्चला तुम्हाला कायम करायचंय. बाहेर बोलून काय मिळणार?"
काय मिळणार! मेलं ते कायम होणं.
पण कायम झाले नाही तर घर कसं चालायचं?

१८, रवि.
विजूला सांगितलं. शिव्या देईल वाटलं. तो म्हणाला, "म्हंजी मी वरडलो व्हतो. ताई, मलाच वाटाया लागलं व्हतं, खरंच झोपलो काय." रडला. वर मलाच म्हणतो, "तू नगं बोलू. तुझी नोकरी जाईल."
लई राग आला. त्याचा नाही, माझा.

१९, सोम., १२.५०
अर्धी सुट्टी टाकून खाणीवर. लॉगबुक पिशवीत, साहेबांना न विचारता आणलंय. मालक आत फोनवर. बाकड्यावर बसून लिहितेय. विजूच्या जागी आज कोण, हे शिपायालापण माहीत नाही. कारखान्याच्या गट ऑफिसात वायरलेसवर माझ्या जागी सुरेखा बसलीय. तिला बटणाचं सांगितलंच नाही.
एक वाजला, भोंगा झाला. समोर नानाभाऊ सुरुंगाच्या बटणाशी उभे, सेट कानाला लावून. सेट गप्प. रस्ता मोकळा, की सुरेखा बोलतेय?
मालकाचं राहू दे, आधी नानाभाऊंना थांबवते.