उत्तरेकडच्या बागेतली माकडं

प्रिय बाबा,

गुडघ्याचे व्यायाम तुम्ही तीन दिवसांत बंद पाडलेत, असं दादा फोनवर सांगत होता. मला आयुष्यभर हट्टी म्हणालात. हा हट्ट कुणाकडून आला, ते आता दादाच भोगतोय. मी ठीक आहे. पत्र्याच्या खोलीत दुपारी भाजून निघते, पण दुपारी खोलीत असतेच कोण!

नदीकाठचं अरुंद जंगल आणि त्याला वेढून तेलाच्या पामची बाग. माकडांच्या एकाच टोळीमागे इथे मला सहावं वर्ष लागलं. पहाटे ती झाडावरून उतरायच्या आत पोचायचं आणि दर पाच मिनिटांनी कोण काय खातंय ते लिहायचं. तुमच्या हाताखाली होता तो मुकादम आता पांढरा झालाय. पहिल्या वर्षी चारचौघांत म्हणाला, "बाई, माकडांचं वकीलपत्र घेतलंय वाटतं!" मी म्हटलं, "आधी अशील किती चोरतो ते तर बघू द्या."

चोरतात, बाबा. घडातली फळं खातात. ते मी कुठेही लपवलेलं नाही. पण एकदा टोळीतल्या म्हातारीने, तिला आम्ही मामी म्हणतो, खोडावरच्या जुन्या झावळीचं बूड उचकटलं, आत हात घातला आणि भला मोठा उंदीर ओढून काढला. मुकादमाने हातातलं घड कापायचं हत्यार खाली ठेवलं. "ही उंदीर खातात?" तो असा कुजबुजला, जणू मामीला ऐकू गेलं तर ती लाजेल. मग तोही माझ्याबरोबर मोजायला लागला. टोळी जिथे रोज फिरते, तिथे उंदरांनी कुरतडलेले घड बाकीच्या बागेच्या निम्म्याहून कमी भरले.

आणि नेमकं याच वर्षी मालकांनी नदीकाठचं जंगल तोडून तिथेही पाम लावायचं ठरवलं. परवा गुरुवारी त्यावर सभा होती. माझे तक्ते बघून त्यांचा तज्ज्ञ शांतपणे म्हणाला, "उंदीर कमी असायला शंभर कारणं असतात. माकडं गेली आणि उंदीर वाढले, अशी एक तरी जागा दाखवा." मागच्या बाकावरून मुकादमाने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. जागा आम्हा दोघांनाही माहीत होती.

मी नऊ वर्षांची होते. सकाळपासून उत्तरेकडच्या बागेतून बंदुकांचे आवाज येत होते. तुम्ही जेवायला आलात, बराच वेळ हात धूत राहिलात आणि न जेवताच परत गेलात. आईने ताट झाकून ठेवलं. तिथलं एकही माकड उरलं नाही. पुढच्या हंगामात तिथे उंदरांनी उच्छाद मांडला, मग विष टाकलं, मग ते उंदीर खाऊन घुबडंही मेली. त्या दिवसाबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत. मीही विचारलं नाही, आणि मोठी होऊन याच कामात शिरले.

सभेत मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. तज्ज्ञाने विचारलं, "हुकूम कुणाचा होता?" मी म्हटलं, "तेव्हाच्या मॅनेजरांचा. माझ्या वडिलांचा." मग मुकादम उठला. "बंदूक माझ्या हातात होती," तो म्हणाला, "आणि पुढे वर्षभर उंदीरही मीच पुरले." तीन वर्षं जंगलाला कुणी हात लावणार नाही, माकडांवर गोळी झाडणार नाही, असं ठरलं. हे सगळं अहवालात छापून येईल. दुसऱ्या कुणी येऊन सांगायच्या आत तुम्हाला ते माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. हुकूम तुमचा होता, हे वाक्य मी खोडणार नाही, बाबा. पण त्यापुढे एक पान कोरं ठेवलंय. त्या दिवशी काय झालं, ते तुमच्या शब्दांत हवंय. पुढच्या रविवारी वही घेऊन येते. दार उघडलं नाहीत तर पायरीवर बसेन. कुणी खाली उतरेपर्यंत वाट बघायची मला सहा वर्षांची सवय आहे.

तुमचीच,
हट्टी धाकटी