मालवणच्या बाजारातली रशियन बाहुली

२९ नोव्हेंबर १९८६, शनिवार

तार आली! जयरामदादा शुक्रवारी येतोय — बायकोला घेऊन. तमारा तिचं नाव. इंजिनियर व्हायला रशियाला गेला आणि तिथेच लग्न करून मोकळा झाला. सहा महिने आईने त्याच्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही, बाबांनाही देऊ दिलं नाही. आज म्हणाली, "येवंदेत. घरात घेतलां नाय तर ती जातली खंय?" देव पावला!

पण लगेच मला — "तू त्या वेळेक माजघरात ऱ्हव गो. नवी व्हकल उंबरो ओलांडताना विधवेचा तोंड नको." सात वर्षं झाली ह्यांना जाऊन. सवय झालीय म्हणावं, तेवढ्यात आई असं काही बोलते की अन्न गोड लागत नाही.

वहिनी एवढ्या लांबून येणार, आणि घरात तिच्या ओळखीचं एक भांडंही नाही. मला ओवाळता येणार नाही तर नाही, निदान काहीतरी रशियन आणून ठेवावं. मालवणात रशियन वस्तू! लीलाबाई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?

१ डिसेंबर, सोमवार

मिळाली! आधी दोन दुकानांत हसून घेतलं मला. एकाने तर जपानी छत्री पुढे केली — "फॉरेन ती फॉरेन, बाई!" मग दोडामार्गची सुगंधा आठवली. सोमवारच्या बाजारात साबण-कंगवे घेऊन बसते. नवरा गोव्यात मुरगाव बंदरात कामाला. रशियन बोट लागली की तिथले खलाशी चहा नि चपला घेतात आणि बदल्यात काहीबाही देतात, ते हिच्याकडे येतं.

पोत्याखालून तिने एक गुबगुबीत लाकडी बाहुली काढली. डोक्याला रुमाल, लाल गाल. कमरेत पिरगळली, तर आत दुसरी! तिच्यात तिसरी! अशा पाच. भर बाजारात मी लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. घासाघीस करायचं विसरलेच. नव्या वहिनीसाठी म्हटल्यावर सुगंधाने लाल-सोनेरी रंगवलेला एक चमचाही पिशवीत टाकला. "ह्यो माझ्याकडसून. नव्या व्हकलेक." वहिनीची ओळख ना देख, आणि एवढी माया! घरी येईपर्यंत तिला दुवा देत होते.

३ डिसेंबर, बुधवार

अरे देवा! शाळेत शिकवून येते तर आईने बाहुल्यांची पोटं भरून ठेवलेली. मोठीत कुंकू, दुसरीत हळद, मग अक्षता, मग सुपाऱ्या. सगळ्यांत धाकटी उघडेना, म्हणून ती देवाजवळ. "सावंतवाडीचो करंडो मां ह्यो? बरो हाडलंस गो. जुन्याचा झाकण फुटलेला." हसून हसून पोट दुखलं. खरं सांगितलं नाही. आई आपणहून ओवाळायची तयारी करतेय, मला एवढं पुष्कळ आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

आले! मी माजघरात, दाराच्या फटीला डोळा लावून. आईने ओवाळलं, बाहुली कमरेत उघडली, बोटाने तमाराला कुंकू लावलं आणि म्हणाली, "अखंड सौभाग्यवती हो." तमाराचं लक्ष बाहुलीकडे गेलं मात्र — किंचाळलीच! आईला मिठी! आई खांबासारखी ताठ, मग हळूच तिच्या पाठीवरून हात फिरवला.

पुढे बाई बाहुली घेऊन थेट माजघरात. मला बघून हसली, कुंकवात बोट बुडवलं आणि माझ्या कपाळाकडे आणलं. मी भिंतीला टेकले. आई ओरडली, "नको गो! तिका नको!"

दादाने तिला हळू आवाजात कारण सांगितलं. तिचा चेहरा उतरला. मग ती कितीतरी वेळ बोलत राहिली. दादा आम्हाला अर्थ सांगेना. तिने त्याला कोपराने ढोसलं तेव्हा म्हणाला, "आई, तमाराचं हे दुसरं लग्न. पहिला नवरा वारला तिचा."

चुलीवरचा भात करपला. तमारा माझ्याशेजारी बसली, माझा हात धरून. सोडीचना. कोणत्या भाषेत आभार मानू तिचे? रडले नुसती.

७ डिसेंबर, रविवार

आई माझ्याशी बोलत नाही. तमाराला मात्र घावणे घालायला शिकवतेय — पहिले तीन तव्यालाच!

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळी आई चूल फुंकता फुंकता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्या शाळेतलो गुरुदास मास्तर अजून एकटोच आसा काय गो?"

दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला मागणी घातली होती. आईने त्यांना पाणीही न विचारता अंगणातूनच परत पाठवलं होतं. तेव्हापासून मी त्यांचं नाव मनातसुद्धा घेतलं नव्हतं.

"आसा," मी म्हटलं.

"मगे आयतवारी चायेक बोलव. मी बोलयलंय म्हणान सांग."