सात बोटींवरची माझी सही

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा शिडाच्या बोटी ठोकून तपासणे, राहणार आमच्या बोटींच्या कारखान्यावरची माडी, हे माझे शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे आणि त्यांनी ते लिहिले नसते तरी माझे काही अडले नसते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. ज्यांनी तसा प्रयत्न केला ते पुढे कलमाकलमाने येतीलच. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात धाकट्या भावाबद्दल चार बरे शब्द होते, तेही रद्द.

कलम एक. मला नवरा नव्हता, मुले नाहीत. त्या नात्याने कोणी हक्क सांगायला आला, तर त्याला खुशाल खोटारडा म्हणावे.

कलम दोन. माझी जाड फायबरची बोट कारखान्यातल्या म्हाताऱ्या सुताराला द्यावी. ती बांधली तेव्हा लोकांचा फायबरवर भरवसा नव्हता, म्हणून थरावर थर चढवून तिचे बूड अंगठ्याच्या रुंदीएवढे केले. भाऊ तिला तरंगते कपाट म्हणतो. ती मंद आहे हे खरे. पण भर वाऱ्यात ती मला घेऊन खडकावर चढली, तेव्हा रंग खरवडला आणि माझा चहा सांडला, एवढेच नुकसान झाले. भावाच्या बोटीचे त्या जागी काय झाले असते, ते सांगायला भाऊ उरला नसता.

कलम तीन. बोटींच्या अंगातून कापलेल्या नमुन्यांची माझी पेटी नौका क्लबाला द्यावी आणि जिथे दर आठवड्याला सभासद अकलेचे तारे तोडतात, त्याच टेबलावर ठेवावी. तुकड्यांबरोबर माझे मतही ठेवावे. लाकूड आमच्या वडिलांचे. ते दुरुस्त होते, पण वर्षातले सहा महिने सेवा करून घेते; ज्यांना समुद्रावर जायचे नसून बोटीची काळजी करत किनाऱ्यावर बसायचे आहे, त्यांनी ते घ्यावे. पोलाद आपटले तर पोचा येतो, फाटत नाही. लांबच्या सफरीला त्याच्यासारखे दुसरे नाही. मात्र त्याला गंज आतून लागतो, वाकून पाहावे लागते, आणि क्लबातल्या एकाही मालकाला स्वतःच्या पोटावरून वाकता येत नाही. ॲल्युमिनियम हलके आणि चिवट. तळात तांब्याची तार पडून राहिली तर खारे पाणी तिच्याखाली भोक पाडते, म्हणून ते निष्काळजी माणसाचे काम नाही, म्हणजेच अध्यक्षांचे नाही.

राहिला कार्बन, म्हणजे कार्बनच्या धाग्यांचा पत्रा. मध्ये फोम आणि दोन्ही बाजूंना पुठ्ठ्यासारखी पातळ कातडी. शर्यत जिंकायची तर याला पर्याय नाही, हे मी मान्य करते. लाटांचे तडाखे बसू लागले की पोलाद कुरकुरते, जाड फायबर थोडे वाकते. कार्बन काहीच कळू देत नाही. कातडी फोमपासून सुटली तरी वरचा रंग चकचकीत राहतो, आणि मग एक दिवस एकदम फुटते. वजनाच्या हिशोबात ज्यांनी माणसाचा जीव धरला नाही, त्यांनी हे शोधून काढले असावे.

कलम चार. माझी ठोकायची हातोडी मास्तरांच्या बायकोला द्यावी. कारण लिहिणे भाग आहे.

चार महिन्यांपूर्वी मी एका निवृत्त मास्तरांची सफरीची बोट तपासत होते. तिच्याही अंगात मध्ये फोमच होता. अंग धड असले की हातोडीखाली टणक, कोरडा आवाज येतो. आतून सुटले असेल तर भद्द येतो. मागे उभी असलेली मास्तरांची बायको म्हणाली, “बाई, इथला आवाज वेगळा येतोय हो.” मी म्हणाले, “चाळीस वर्षं हेच करतेय मी. तुम्ही आपले आतले पडदे कुठल्या रंगाचे लावायचे ते बघा.” तिने त्या जागी बोट टेकवले. मास्तरांनी मात्र तिथे भोक पाडून पाहिले, तर वाटीभर पाणी आले.

मी घरी येऊन दार लावले आणि त्याच हातोडीने काच, लाकूड, पत्रा, भिंत असे सगळे ठोकून पाहिले. सगळे मला सारखेच ऐकू आले.

कानाच्या डॉक्टरांनी कानाला यंत्र लावले आणि सांगितले, “ऐकू आलं की हात वर करा.” मी बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसले. मला वाटले, यंत्र अजून सुरू व्हायचे आहे. मग त्यांनी कागदावर लिहून दाखवले की बारीक, चढे आवाज माझे तीन-चार वर्षांपूर्वीच गेले असावेत. म्हणजे इतकी वर्षे मला बोटी ऐकू येत नव्हत्या. रंग चकचकीत आणि मालक ओळखीचा, की मला आवाज चांगला वाटत होता. दुसऱ्या कोणी असे केले असते, तर मी त्याला धक्क्यावरून हाकलले असते. मास्तरांच्या बायकोची समोर जाऊन माफी मागणे मला जमलेले नाही, म्हणून ती हातोडीबरोबर पाठवत आहे.

कलम पाच. त्या काळात फोमच्या सात बोटींना मी ‘मजबूत’ असा दाखला दिला. सहा मालकांना मी पत्र लिहिले की फेरतपासणी करून घ्यावी. कारण लिहिले नाही. ज्याला मी त्या पत्रांत सावधगिरी म्हटले, तो निव्वळ भित्रेपणा होता. सहाही बोटी आता दुसऱ्याने तपासल्या आहेत.

सातवी भावाची. शर्यतीची, कार्बनची. बारा दिवसांनी त्याची मुलगी, माझी भाची, ती घेऊन एकट्याने समुद्र ओलांडायच्या शर्यतीत उतरणार आहे. भावाला मी खरे काय ते सांगितले आणि पुढच्या डाव्या अंगाला, जिथे लाट आपटते, तिथे ताटाएवढा गोल कापून पाहा म्हणाले.

“ताई, वेड लागलंय का तुला? ठिगळ मारलं की वजन वाढणार.”

“किती?”

“दीड किलो! आणि बहीण बहिरी झालीय हे बाहेर कळलं, तर कारखान्यात बोट आणेल का कोणी? तुझी तरी काय इज्जत राहील?”

या शेवटच्या वाक्याने माझे तोंड बंद झाले, आणि ते आठ दिवस बंद राहिले. भाची रोज माडीवर येत होती. काल म्हणाली, “आत्या, तू ठोकून चांगली म्हणालीस ना? मग मला कसली भीती?” मी तिला चहा दिला. भावाला मी जन्मभर लोभी म्हणत आले. काल संध्याकाळी त्या खोलीत माझ्याइतके हलके माणूस दुसरे नव्हते.

कलम सहा. वडिलांनी आम्हा दोघांच्या नावे ठेवलेल्या कारखान्यातला माझा अर्धा हिस्सा, वरची माडी आणि बँकेतले जे असेल ते, सगळे भाचीला. भावाला काहीही नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, असा कायदा आहे हे वकिलाने सांगितले, तेव्हाच मी भावाला साक्षीदार करायचे ठरवले.

कलम सात. हे कलम मी मरायची वाट न पाहता आजच अमलात यावे. पोरी, तुझ्या आत्याला ऐकू येत नाही. तुझ्या बोटीचा आवाज मी ऐकलाच नव्हता, तरी ऐकल्यासारखी सही केली. ती सही मी मागे घेते. या पानाची एक प्रत सुतार आताच तुझ्या हातात देईल, दुसरी शर्यतीच्या समितीकडे नेईल. माझी राहिलेली इज्जत कोणाला हवी असेल तर त्याने न्यावी, तिच्यावर माझा हक्क नाही.

ठिकाण: कारखान्यावरची माडी. तारीख: शर्यतीला बारा दिवस असताना, सकाळी.

(सही) लिहून ठेवणार, बोटी तपासणारी

साक्षीदार पहिला: कानाचे डॉक्टर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मी मजकूर मोठ्याने वाचला. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहून दोन ठिकाणी मला दुरुस्त केले. (सही)

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. ताईने काल माझ्यासमोर सही केली. मी माझी सही न करता खाली निघून गेलो होतो, ती आज करतो आहे. मधल्या वेळात, ताईने सांगितलेल्या जागी गोल कापला. कातडी हातानेच सुटून आली, आतला फोम काळा पडला होता, पाणी गळत होते. मुलगी शेजारी उभी होती. तिने तो तुकडा उचलला आणि विचारले, “बाबा, तुम्हाला माहीत होतं?” ही सही मी तिच्यासमोरच करतो आहे. (सही)