सर्वानुमते

५ मार्च १९६४
सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या. सभेची वही माझ्याकडे असते; तीत मी लिहिलं — सर्वानुमते.

खोटं लिहिलं.

चांगुणाबाई ना म्हणाली होती, दोनदा. तिच्यासकट बौद्धांच्या आठ घरांची पाळी सगळ्यांत शेवटी, म्हणजे विहीर उपसून झाल्यावर. "मले नाई पटत. माही वांगी काय थुकीवर जगतीन?" लोक हसले. अध्यक्ष किसनराव माझ्याकडे वळले — "लिवा ताई, सर्वानुमते. ते त रोजच भांडते."

सगळ्यांनी जमीन गावाच्या नावे केली, गाव ग्रामदान झालं, तेव्हा नियम मीच समजावून सांगितला होता. मतं मोजायची नाहीत. सगळ्यांना पटेपर्यंत बोलायचं. एकाची जरी ना असली, तरी ठराव अडतो.

८ मार्च
मासिकाला या गावावर लेख द्यायचा आहे. 'इथे कुणी कुणावर राज्य करत नाही' — एवढं लिहून बसून राहिले.

त्या दिवशी का लिहिलं मी तसं? किसनरावांची भीती नव्हती. तीन दिवस बोलणं चाललं होतं, कंटाळले होते. आणि एकमतानं चालणारं गाव मला लेखासाठी हवं होतं. हेच खरं.

१४ मार्च
चांगुणाच्या वाफ्यांवरून गेले. रोपांनी माना टाकलेल्या. ती म्हणाली, "पाहा ताई, वांगी बी सर्वानुमते वाळून राह्यली." मग पाण्याचा तांब्या पुढे केला. तिच्याकडे पाणी कमी, आणि मी प्याले.

१५ मार्च
लेख फाडला. त्यानं कुणाचं वांगं जगलं?

२२ मार्च
सभेत उभी राहिले. "वहीतला ठराव खोटा आहे. चांगुणाबाईंची ना मी खाल्ली." किसनराव म्हणाले, "मीच म्हनलं होतं लिवा म्हनून."

ठराव मोडला. दुपारपर्यंत बोलणं झालं. आता पाळ्या फिरत्या — आज जो शेवटी, तो उद्या आधी. चांगुणा हो म्हणाली. वांगी मात्र गेलीच.

घरी येताना हलकं वाटत होतं. किती लवकर माफ केलं मी स्वतःला!

२९ मार्च
किसनरावांनी सभेत विचारलं, "वही ताईकडंच राहू द्याची. कोनाची ना?" चांगुणा म्हणाली, "माही ना."

या वेळी कुणी हसलं नाही. मी ते तसंच लिहिलं — एकाची ना, ठराव अडला — आणि वही किसनरावांपुढे ठेवली.