शांताचे वडील आणि तंबूतला राक्षस

१२ फेब्रुवारी १९७२, घोडेगाव
बैलबाजारासाठी सिनेमाचा तंबू आलाय. वसतिगृहात आठवडाभर तोच धोशा. शेवटी रेक्टर म्हणून मीच मॅट्रिकच्या मुलींना घेऊन गेले. दोरीच्या अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. दोरीलगत मी.
हिंदी चित्रपट. तळ्यातून राक्षस निघतो, गावच्या मास्तरणीला उचलून नेतो. राक्षस म्हणजे घोंगडी पांघरलेला माणूस. पाठीवर शिवण दिसते, एकदा तर पायात बूट! नायक निरुपयोगी. पण तळ्यावरचं धुकं झकास, आणि शेवटी मास्तरणी स्वतःच कंदील फेकून त्याला जाळते. तेव्हा माझ्याही मुठी आवळलेल्या. एकंदरीत सुमार. उठावंसं मात्र वाटलं नाही.

१५ फेब्रु.
मॅट्रिकमधल्या शांताचे वडील रामभाऊ, पुणतांब्याचे. बाजाराला गाडी घेऊन आले ते थेट माझ्या दारात. कोणीतरी कान भरलेले.
"तंबूत पोरी न्हेता? आन् त्यात बाईला उचलून न्हेत्यात म्हनं. शांताला घरी न्हेतो."
परीक्षा महिन्यावर. वर्गात पहिली येणारी मुलगी. एकदा गेली की परत येणार नाही. तिच्या थोरल्या बहिणीचं तेच झालं.
म्हटलं, "ऐकीव नको, रामभाऊ. आज खेळ बघा, मग बोला. बाईच त्याला मारते." शांतालाही बरोबर घेतलं. मला खात्री होती.

१६ फेब्रु.
काल ऑपरेटरने शेवटची दोन रिळं उलट क्रमाने लावली, शेवटचं आधी. आधी मास्तरणीने राक्षस जाळला, टाळ्या, 'समाप्त'ची पाटी. कोणी उठलं नाही. मग तोच राक्षस धडधाकट येऊन तिला घेऊन गेला. दिवे लागले. लोक खूश.
रामभाऊ दोरीपलीकडून, "बाई, मेल्यावर बी न्हेतोय की हो!"
मी बोलायच्या आत शांता, "आधी न्हेतो, मग ती जाळती. रिळं उलटी लावल्यात, अण्णा."
"तुला काय ठावं?"
"मी पायलाय की."
ऑपरेटरला जाब विचारला. म्हणे, "काय बिघडलं? दोन्ही बघितलं न्हवं!"

१७ फेब्रु.
सकाळीच रामभाऊंनी शांताची वळकटी गाडीत टाकली. ते पेटी आणायला आत गेले, तर शांता पेटीवर बसून भूमिती सोडवतेय. उठली नाही. मीही उठ म्हटलं नाही.
"परीक्षेला मी स्वतः नेईन, स्वतः आणीन," एवढंच सांगितलं.
रामभाऊ दाराशी थांबले. मग, "तंबू आता कुठं जानार?"
"नेवाशाला."
"तिथं तरी सरळ लावतील का? शेवटी बाईच जाळंल आसं?"
"लावतील. ठणकावलंय मी."
रामभाऊ अंगणात जाऊन उभे राहिलेत. शांता पेटीवर, वळकटी गाडीत. बैल जुंपलेले आहेत.