वर्ख लावलेले टेललाईट

धर्मापुरी, दुकानातूनच.

तीर्थस्वरूप रुद्रप्पा दाजी आणि आक्का यांना केदारनाथचा शरणार्थ.

इकडे सगळे ठणठणीत. दाजी, गुडघा काय म्हणतो? (मी पाठवलेल्या औषधी तेलाने गुण आला नसेल तर ते साधं खोबऱ्याचंच होतं, राग मानू नका.) हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मधेच बोलता. पत्रात ती भीती नाही.

विषय तुमच्या वडिलांच्या जुन्या फियाटचा. तुम्ही लातूरला फ्लॅट घेतल्यापासून ती माझ्या पेढ्याच्या दुकानामागे नांदते आहे. सासरी जाईन तर याच गाडीतून, असं शिवकन्येने धरून ठेवलंय. (पोरगी तुमची खरी, पण तुमच्या बदल्यांपायी वाढली आमच्याकडे, त्यामुळे हट्ट माझ्या वळणाचा आहे.) साखरपुड्याला मुलाचे चुलते अमरनाथराव गाडीभोवती प्रदक्षिणा घालून आले आणि चारचौघांत म्हणाले, "पाहुनं, मागचे दिवे पेटलेत का इझलेत तेच कळंना. आमाला रातच्याला आष्टीपस्तोर उसाच्या ट्रॉल्यातून जायचंय. दिवे नीट दिसले तर ठीक, न्हाई तर सूनबाईला आमच्याच गाडीत नेऊ." शिवकन्येचा चेहरा एवढासा झाला. मग मी छाती ठोकून सांगितलं की लग्नापर्यंत हे दिवे थेट आष्टीतून दिसतील. (आष्टी जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे हे तेव्हा डोक्यात आलं नाही.)

पहिल्या दिवशी लाल काचा काढल्या. आतले रिफ्लेक्टर चुलीच्या तव्यासारखे काळे. आपल्या घरात चांदी कशाने घासतात? विभूतीने. म्हणून देवघरातली विभूती घेतली आणि बसलो घासत. तेवढ्यात गंगासागर पूजेला आली, आणि देवासमोरचा डबा रिकामा बघून तिने मला जे ऐकवलं ते आक्कांच्या देखत लिहिता येत नाही. रिफ्लेक्टरचा काळेपणा गेला, पण त्याबरोबर होती नव्हती ती चकाकीही गेली. खाली नुसता पत्रा उरला.

आता माणूस हलवाई असला की त्याला जे सुचायचं तेच सुचतं. दुकानात काजूकतलीवर लावायचा चांदीचा वर्ख होता. म्हटलं, रिफ्लेक्टरला चांदीच हवी ना? घ्या चांदी! वर्ख चिकटवायला घट्ट दोनतारी पाक केला, हलक्या हाताने वर्ख बसवला, काचा लावल्या. दाजी, काय सांगू, संध्याकाळी बटण दाबलं तर गाडीचं बूड दिवाळीतल्या दुकानासारखं उजळलं! गंगासागरलासुद्धा दोन शब्द चांगले बोलावे लागले. (एवढी वर्षं संसार करून ही वेळ क्वचितच येते.) दुसऱ्या दिवशी पाहतो तर दिवे पहिल्यापेक्षा मंद. काचेच्या आत काहीतरी काळं हलतंय. काच उघडली, तर अख्ख्या धर्मापुरीतल्या मुंग्या माझ्या टेललाईटमध्ये जेवायला बसलेल्या.

मुंग्यांना निरोप देऊन मी परळीला गेलो आणि चारही बाजूंना बसतील असे एलईडी बल्ब आणले. पांढरेशुभ्र, डोळे दिपतील असे. लाल काचेमागे बसवले तर उजेड पडला गुलाबी. शिवाय डावा इंडिकेटर दिला की चारही दिवे उघडझाप करायचे. उजवा दिला तरी तेच. उत्तरेश्वर वायरमनने सांगितलं की स्टेअरिंगसमोरच्या फळीवर दोन्ही बाजूंच्या इंडिकेटरना मिळून एकच छोटा दिवा आहे, आणि नव्या बल्बांना करंट इतका कमी लागतो की त्या दिव्यातून तो इकडचा तिकडे पळतो. फाट्यावर मागून म्हशी घेऊन येणारा धोंडीराम माझी गुलाबी गाडी बघून म्हशींसकट थांबला आणि म्हणाला, "शेटजी, डावीकडं चाललाव का उजवीकडं, का तमाशाचा तंबू लावायलाव? म्हशी बुजल्यात माज्या!"

तर दाजी, सगळे उपाय करून दमलो. गाडी आहे तिथेच आहे आणि दिवे आहेत तसेच आंधळे आहेत. आक्कांना नमस्कार, लग्नासाठी तिकडे आलेल्या शिवकन्येला आशीर्वाद.

आपला,
केदारनाथ

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. पाठवणी रात्री जेवणं झाल्यावर ठरली आहे, ती भर दुपारी उरकून घ्या. दिवसा टेललाईट लागतच नाहीत, म्हणजे अमरनाथरावांची अट आपोआप बाद. मुहूर्त काढणाऱ्या मठाच्या स्वामींनीच ही वेळ काढून दिली असं सांगा. स्वामींचं मी बघतो, त्यांना आपले पेढे आवडतात.

आक्का, पत्र टपालात टाकायला माज्याकडं दिलंय, म्हणून मी गंगासागर खाली लिहिते. वेळ बदलू नका. दिवे परवाच नीट झाले, आन् यांनीच केले. जुने बल्ब परत घातले, दिव्याच्या बुडाखालचा रंग खरवडला. दाजींनी हौसेनं गाडी रंगवली तवापासून त्या रंगापायीच अर्थिंग मिळत नव्हतं. आता लालभडक लागतेत. काल अंधार पडल्यावर उत्तरेश्वरला गाडी घेऊन आष्टीच्या वाटंवरल्या वळणापर्यंत धाडलं आन् हे पायरीवर उभं राहून बघत होते. दिवे लई लांबपर्यंत दिसले, मग वळणाआड गेले. हे आत आले ते न जेवताच निजले. म्हणले, "आंधळेच बरे होते." पाठवणी रातच्यालाच ठेवा, पण आष्टीपस्तोर गाडी यांनाच चालवायला लावा. समोर बघून चालवतील, मंजी मागचे दिवे यांना दिसायचे न्हाईत.